‘घर माझं, कुलूपही माझं’ हे कोर्टात चालत नाही

‘घरमालकांनो, जपून ठेवा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो काकांनी टाकला तेव्हा मी सोडून दिलं. गेल्या आठवड्यात तोच मेसेज माझ्या भाचीला तिच्या मैत्रिणीने पाठवला, ‘बघ, यात काही करता येत नाही’ म्हणून. भाची पुण्यात लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या करारावर, राहत होती. मुदत संपायला अजून काही महिने होते, भाडं थकलेलं नव्हतं. सुट्टीत गावी जाऊन परत आली तर दाराला दुसरंच कुलूप आणि घरमालक फोन उचलेना. जिला घराबाहेर काढलं तिलाच हा मेसेज दाखवून गप्प बसवायचं, हे काही मला सोडून देता येईना.

मेसेज थोडक्यात असा. एक, लायसन्सवर राहणाऱ्याचा घरावर कसलाच हक्क नसतो, तेव्हा मालकाने वाटेल तेव्हा कुलूप बदलावं. दोन, हलत नसेल तर वीज-पाणी तोडावं. तीन, ॲग्रीमेंट रजिस्टर नसेल तर भाडेकरू कोर्टात शून्य. चार, पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणून लक्ष घालत नाहीत, म्हणजे एकदा बाहेर काढला की विषय संपला. पाच, डिपॉझिट आणि सामान ठेवून घ्या. आणि जाता जाता भीती: बारा वर्षं राहू दिलंत तर घर त्याच्या नावावर होईल.

सगळं विष पहिल्या मुद्द्यात आहे, त्यामुळे वेळही तिथेच घालवतो. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ या कायद्याचं कलम ६ काढून वाचा. एखाद्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याची वाट सोडून जागेतून बाहेर काढलं, तर तो दावा लावून ताबा परत मागू शकतो. समोरचा मालकीचे कितीही कागद घेऊन उभा राहिला तरी. या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच नसतो. कोर्ट बघतं ते एवढंच की ताबा कोणाकडे होता आणि तो कसा काढून घेतला. इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वीजबिलावरचं नाव, सगळं फाइलमध्येच राहू द्या. आणि निकाल लागला की त्यावर अपील नाही, पुनर्विलोकन नाही. फार तर वरच्या कोर्टात रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाने अधिकाराबाहेर काही केलं का एवढीच मर्यादित तपासणी.

‘ते भाडेकरूंसाठी असेल, लायसन्सवाल्यांना नाही,’ असं काका म्हणाले. काकांनी वाचलं नसणार, पण १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात पोचलेलं प्रकरण मुंबईचं होतं आणि वाद लायसन्सवरच्याच जागेचा होता. न्यायालयाने सांगितलं ते असं: जागेत राहण्याचा हक्क उरलेला नाही असं धरून चाललं, तरी स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला मालक कायद्याची वाट सोडून बाहेर काढू शकत नाही. हक्क उरलेला नसलेल्याला जर असं हुसकता येत नाही, तर जिची मुदत चालू आहे तिचं काय बोलायचं!

या कलम ६ ला एक काटा मात्र आहे, आणि असल्या मेसेजमुळे खरा घात होतो तो इथेच. बाहेर काढल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. ‘काही होत नाही’ म्हणत मैत्रिणीकडे पथारी टाकून सहा महिने काढले की ही वाट बंद. मग स्वतःचा हक्क सिद्ध करत लांबच्या रस्त्याने जा. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेल तर तो लबाड आहे, नसेल तर त्याने कायद्यावर लिहू नये.

आता यातलं जे अर्धं खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. लायसन्स म्हणजे भाडेहक्क नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली, मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो. तिथे लेखी ॲग्रीमेंट हाच निर्णायक पुरावा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर राहणाऱ्याचं म्हणणं ऐकूनही घेतलं जात नाही, आणि जादा राहिलेल्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. गोव्यातल्या एका घराच्या वादात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलंय की रखवालदार, नोकर यांना नुसतं वर्षानुवर्षं राहिल्याने हक्क मिळत नाही आणि कोर्टाचं संरक्षण वैध, चालू करार असलेल्यालाच मिळेल. म्हणजे मुदत संपल्यावर चिकटून बसणाऱ्याची बाजू लंगडीच. पण ही सगळी वाट प्राधिकाऱ्याच्या आणि कोर्टाच्या दारातून जाते, कुलूपवाल्याच्या दुकानातून नाही. मालकाला कायद्याने एवढी सोपी वाट दिलेली असताना त्याने रात्रीत कुलूप का बदलावं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

वीज-पाण्याबद्दल फार लिहीत नाही. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २९ सबळ कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट तोडायला मनाई करतं, आणि तोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलमात शब्द ‘भाडेकरू’ आहे, त्यामुळे लायसन्सवर राहणाऱ्यांनी थेट दिवाणी कोर्टातून हुकूम मागावा, असं माझ्या ओळखीच्या वकीलबाई सांगतात.

तिसरा मुद्दा वाचून तर हसूच आलं. कायदा नेमकं उलटं सांगतो. याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार ॲग्रीमेंट लेखी आणि नोंदवलेलं असलं पाहिजे, अकरा महिन्यांचं असलं तरी. आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवलं नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीचा खर्च वाचवायला नोटरीवर भागवलेल्या सगळ्या मालकांनी हा मेसेज पुढे पाठवताना जरा थांबावं.

पोलिसांचं म्हणाल तर चौकीवरचा अनुभव मेसेजात लिहिलाय तसाच येतो, हे खोटं नाही. भाचीलाही ‘कोर्टात जा’ एवढंच ऐकायला मिळालं. पण त्रास द्यायच्या किंवा धमकावायच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे, आणि घुसणारा मालक असला म्हणून तो सुटत नाही. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या. ठाणेदार नोंदवून घेत नसेल तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, लेखी पाठवता येते, आणि तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. दिवाणी दावा आणि फौजदारी तक्रार एकाच वेळी चालू शकतात. एक केलं म्हणून दुसरं बाद होत नाही.

सामान आणि डिपॉझिट. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा जुना कायदा या मेसेजवाल्यांनी ऐकलेलाच नसतो. त्याचं कलम ६३ म्हणतं की लायसन्स रद्द झालं तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. कलम ६४ म्हणतं की मोबदला घेऊन दिलेलं लायसन्स, राहणाऱ्याचा दोष नसताना, मुदतीआधी मोडून त्याला बाहेर काढलं तर तो भरपाई मागू शकतो. ज्यांची मुदत महिन्याभरावर आली आहे आणि पुन्हा त्या घरात पाऊलही टाकायचं नाही, त्यांना ताब्यापेक्षा हेच कलम कामाचं. डिपॉझिटमधून खरी थकबाकी कापता येते, राग नाही.

बारा वर्षांची भीती निव्वळ बागुलबुवा. मालकाच्या परवानगीने, भाडं मोजत राहणारा माणूस प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय बारा वर्षं उघडपणे राहून मिळणारा हक्क, सांगूच शकत नाही.

भाचीला सांगितलं ते इथेही सांगतो. स्वतः कुलूप तोडायला जाऊ नका, तुमच्यावरच उलटेल. नव्या कुलपाचा फोटो, भाडं भरल्याच्या यूपीआय नोंदी, मालकाचे मेसेज, पोलीस पडताळणीचा कागद, सोसायटीच्या गेटवरची नोंदवही, शेजाऱ्यांची नावं, एवढं आजच गोळा करा आणि बाहेर काढल्याची तारीख लिहून ठेवा. सहा महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. तिथे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.