चिखलदऱ्याला जाताय? मग मॅगी तेवढी खाऊ नका

चिखलदऱ्याला कुणी ‘विदर्भाचं महाबळेश्वर’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. एकदा हे नाव चिकटलं की तिथं असतं ते सगळं इथंही हवं होतं. घोडे हवेत, मक्याची कणसं हवीत, आणि आता तर प्रत्येक पॉइंटवर निळ्या ताडपत्रीखाली मॅगी. पावसाळ्यातला कुठलाही रविवार घ्या. धुक्यात दरी दिसत नाही, मॅगीची पाटी मात्र लांबून दिसते. मॅगीशी माझं वैर नाही, घरी पोरांसोबत मीही खातो. पण सातपुड्याच्या डोक्यावर, अकराशे मीटर उंचीवर चढून जायचं आणि तिथं जाऊन स्वयंपाकघरातल्या डब्यात होतं तेच खायचं, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. अमरावतीहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर दर पंधरा-वीस किलोमीटरला खाणं बदलतं. आपण ते मागत नाही, म्हणून ते हळूहळू नाहीसं होतंय.

सुरुवात अमरावतीतच करा. सकाळी निघताना घरून डबा भरून घ्यायची गरज नाही. गिलावडा खा. भिजवलेला मऊ वडा, वर दही, चटणी, तिखट. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ‘म्हणजे दहीवडाच ना?’ असं म्हणू द्या, वाद घालू नका, दुसरी प्लेट सांगा. थंडीचे दिवस असतील तर सांबारवडी शोधा (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर). इथं एक धोक्याची सूचना: पोट गच्च भरून निघालात तर पुढच्या सगळ्या पोस्टचा उपयोग नाही.

परतवाडा रस्त्याला लागलं की वलगाव येतं. पेढी नदीच्या या परिसरात २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बहुतेक गाड्या इथून ऐंशीच्या वेगाने निघून जातात. दोन मिनिटं थांबायला काही हरकत नाही, एवढंच म्हणतो. पुढे आसेगावला पूर्णा ओलांडली की संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. पण संत्री जाताना घेऊ नका, येताना घ्या. घाटात ती मागच्या सीटखाली गडगडत राहतात आणि मुलं खाली वाकून ती शोधता शोधता उलट्या करतात.

परतवाडा म्हणजे सागवानाचं आणि संत्र्यांचं गाव. जुळं गाव अचलपूर, एकेकाळी वऱ्हाडची राजधानी. इथं बरेच जण चहा घेऊन लगेच घाटाकडे वळतात. डिसेंबर-जानेवारी असेल तर माझं ऐका, उलट दिशेला बैतूल रस्त्यानं बहिरमला जा. दीड महिना चालणारी यात्रा असते, साधारण २० डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. शेंदूर माखलेला बहिरमबुवा टेकडीवर, आणि खाली मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे. पूर्वी देवापुढे बळी पडायचे, त्याविरुद्ध गाडगेबाबांनी इथं येऊन लोकांना सुनावलं. देवापुढची हत्या थांबली, हंडी काही थांबली नाही. आमच्या वऱ्हाडी माणसानं काढलेली ही तडजोड मला फार आवडते.

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणकेचे गोळे, आत पदर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. राख झटकायची, रोडगा हातानं फोडायचा, मधोमध तूप ओतायचं. मटण नको असेल तर वांग्याची भाजी आणि वरण. गॅसवर किंवा ओव्हनमध्ये केलेला रोडगा हा रोडगा नव्हे, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. बायको घालते, पण ती खानदेशातली आहे.

आता घाट. परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते. एक धारणी रस्त्यानं घटांगपर्यंत जाऊन तिथून वळणारा, दुसरा धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढणारा. घटांगकडचं जंगल दाट आहे, सागाचं. पण चढताना मी धामणगाव गढीचाच रस्ता धरतो, आणि त्याचं कारण मोथा. शिवाय चढ सुरू झाल्यावर वळणावळणाला मागं सपाट वऱ्हाड पसरलेलं दिसतं: कपाशीचे तुकडे, मधेच चमकणारं पाणी. हे दृश्य कुठल्याही पॉइंटच्या यादीत नाही, म्हणून तिथं गर्दीही नाही. फक्त वळणावर गाडी थांबवू नका. जिथं बाजूला भरपूर जागा आहे तिथंच उतरा. आणि माकडांना बिस्किटं देऊ नका. ती आता गाडीचा आवाज ऐकून रस्त्यावर येतात आणि चिरडली जातात. ‘मुलांना मजा वाटते’ हे काही कारण होत नाही.

मोथा हे गवळ्यांचं गाव. चिखलदऱ्याच्या पठारावर गवळी फार जुने आहेत. इथल्या गाविलगड किल्ल्याचं नावच त्यांच्यावरून पडलं असं परंपरा सांगते. म्हशी, गवताळ उतार, पावसाळ्यात गारठा, आणि मोठ्या कढईत तासन्‌तास आटणारं दूध. रबडी करायचं काम बघायला मिळालं तर जरूर बघा. साय धरली की ती कढईच्या कडेला लावायची, पुन्हा धरली की पुन्हा कडेला, दूध खाली लागू द्यायचं नाही. शेवटी ती कडेची साय खरवडून आटलेल्या दुधात सोडायची. म्हणून चांगल्या रबडीत दाताला पदर लागतो. मिक्सरमधून काढल्यासारखी गुळगुळीत आली तर समजा, तिच्यात दुसरंच काहीतरी घोटलंय. साखरही बेताची हवी. धुराचा किंचित वास येतो, तो दोष नाही.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका टपरीवर मी रबडी मागितली तर म्हातारा म्हणाला, ‘‘रबडीले आता इचारतेच कोण, भाऊ? पोट्टे येतात अन् म्यागी मांगतात. दोन मिनटात होते, पैसे लगेच. रबडीले मी सकाळपासून बसू काय?’’ त्याचं गणित बरोबर आहे. दुधाला जळण लागतं, वेळ लागतो, आणि संध्याकाळी उरली तर नुकसान त्याचं. त्याला दोष देणारा मी कोण? दोष आपल्या ऑर्डरीचा आहे. गाडीतले आठ जण उतरतात, त्यातल्या चौघांनी रबडी आणि दोघांनी खवा मागितला असता तर दुसऱ्या दिवशी त्यानं कढई नक्की चढवली असती.

कुणी म्हणेल, मग मोथ्याकडे आता स्ट्रॉबेरीही पिकते, ती तरी कुठं इथली? बरोबर. पण ती इथल्या मातीत, इथल्या थंडीत, इथल्या शेतकऱ्यानं लावलेली आहे. हिवाळ्यात शेताच्या बांधावर मिळाली तर बिनधास्त खा. माझा राग बाहेरून आलेल्या वस्तूवर नाही, इथं काहीच न उगवणाऱ्या पाकिटावर आहे.

आणि आता कॉफी. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचं नाव आपण शाळेत घोकलं. इंग्रजांच्या काळापासून इथं कॉफीची झाडं आहेत. सिल्व्हर ओकच्या सावलीतली, लाल फळं धरणारी. आणि त्याच गावात हॉटेलात बसून कॉफी मागितली की समोर येतो गरम पाण्यात ढवळलेला पाकिटातला फेस. याच्यासारखा विनोद नाही. स्थानिक कॉफीची पूड थोडीफार मिळते, विचारावं लागतं, दोन-तीन ठिकाणी नकार ऐकावा लागतो. मिळाली तर घरी आणून दुधाशिवाय करून बघा. फार उंची चव आहे असा माझा दावा नाही. थोडी उग्र लागते. पण मी ती झाडं पाहिलेली असतात, तेवढं मला पुरतं.

पॉइंटांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे. भीमकुंडाला पावसात जा, देवी पॉइंटला पहाटे. पंचबोल या प्रतिध्वनीच्या पॉइंटला ओरडून झालं की थोडा वेळ गप्पही बसा, बाकीच्यांनाही आवाज ऐकायचा असतो. गाविलगड मात्र घाईत उरकू नका. १५ डिसेंबर १८०३ ला नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला हा किल्ला आर्थर वेलस्लीनं घेतला, तोच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. इतिहासाची एवढी मोठी गोष्ट आणि दरवाजात उभं राहून लोक विचारतात, ‘‘आत काही खायला मिळतं का?’’ नाही मिळत. पाण्याची बाटली घेऊन जा आणि रिकामी बाटली परत आणा.

मुक्काम असेल तर रात्रीच्या जेवणाला ‘पनीर काय काय आहे’ असं विचारू नका. ज्वारीची भाकरी, ठेचा, वांगं, पिठलं मिळेल का विचारा. जमलं तर कोरकू आदिवासींच्या घरांत होणारी कुटकी किंवा कोदो ही भरडधान्यं कुठं खायला मिळेल याची चौकशी करा. हॉटेलवाला चमकून बघेल. दहा जणांनी विचारलं की अकराव्यासाठी तो करून ठेवेल. नाही ठेवली तर माझ्या नावानं शिव्या द्या, मोफत आहेत.

उतरताना घटांगचा रस्ता घ्या, पण दिवस असेपर्यंतच. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, अंधारात वेगानं गाडी हाणायची ती जागा नाही. परतवाड्यात संत्री घ्यायला थांबाल तेव्हा पेटीचा वरचा थर बघून भाव करू नका, खालची दोन-चार काढून बघा. आणि हिवाळ्याच्या तोंडाला गेलात तर कोपऱ्यात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडची सीताफळं आधी घ्या. ती जंगलातली असतात, आकारानं लहान, बिया जास्त. तिच्याशी भाव केलात तर मला टॅग करू नका.