खुलासा : चतुराला नांगी नसते

पावसाळा सरता सरता पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर चतुर (ड्रॅगनफ्लाय) या कीटकाबद्दल एक मेसेज फिरतोय : 'मैदानावर घिरट्या घालणाऱ्या चतुरांच्या शेपटीत विषारी नांगी असते. मुलांना घरात ठेवा, फवारणी करून घ्या.' सोबतच्या फोटोखाली 'चतुराचं पिल्लू' असं लिहिलंय. दोन्ही चूक.

ती शेपटी म्हणजे दहा खंडांचं पोट. नराच्या पोटाच्या टोकाला चिमट्यासारखे अवयव असतात, त्यांनाच लोक नांगी समजतात. मिलनाच्या वेळी चतुर त्यांनी मादीचं डोकं धरतो, टाचणीचा (चतुराच्या सडपातळ भावंडाचा, डॅमसेलफ्लायचा) नर मानेमागचा भाग. विष नाहीच. मोठा चतुर बोटांत पकडलात तर जबड्याने चिमटा काढेल, तेवढंच.

फोटोतलं 'पिल्लू' खरं तर पूर्ण वाढलेली टाचणी आहे. पंख फुटल्यावर चतुर वाढत नाही. त्याची पिल्लं पाण्यात राहतात, डासांच्या अळ्याही खातात. (मग फवारणी कोणाच्या फायद्याची?) पंख मिटलेले म्हणजे टाचणी, हा ठोकताळाही दरवेळी चालत नाही, काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. डोळे पाहा : टाचणीचे डंबेलसारखे दोन टोकांना, बहुतेक चतुरांचे माथ्यावर एकमेकांना भिडलेले. पाषाण तलावाच्या काठी ऊन चढल्यावर, आपली सावली त्यांच्यावर न पाडता हळू पुढे सरकलात तर हे साध्या डोळ्यांनी दिसतं.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.