भरती किती वाजता?

पणजीत कुणाला पत्ता सांगायचा तर मी अजून 'जुन्या जीएमसीकडून या' असंच म्हणतो. जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, कधीच बांबोळीला गेलं आणि २००४ पासून त्या आवारात सिनेमाच्या महोत्सवाची लगबग असते. 'जुन्या सेक्रेटरिएटपाशी वळा' हेही तसलंच; तिथली विधानसभा २००० सालापासून पर्वरीला भरते. ऐकणारा तरुण असला तर तो मोबाइल काढतो. मोबाइल त्याला खणलेल्या रस्त्यावर नेऊन उभा करतो, आणि मग दोघंही मुकाट्यानं जुन्या जीएमसीकडून येतात.

पण पत्ता ही किरकोळ गोष्ट. पावसाळ्यात पणजीकराला घराबाहेर पडताना विचारायचा असतो तो एकच प्रश्न: आज भरती किती वाजता?

मुंबईकराला लोकलच्या वेळा पाठ, तशा आम्हाला तिथ्या. अमावास्या-पुनवेला मांडवीला उधाण. एक भरती दुपारच्या सुमाराला, दुसरी मध्यरात्रीच्या आसपास. पुढं रोज साधारण ५० मिनिटं उशीर धरायचा, हिशेब जमतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे अंगात जोर नसलेली. बँक, दातांचा डॉक्टर, लग्नाची साडी ही कामं तेव्हा उरकून घ्यावीत. एकादशीचा उपास कुणी करो न करो, अष्टमी पाळावीच.

भानगड अशी की सांत इनेजचा व्हाळ ताळगावाकडून येतो आणि कांपालपाशी मांडवीला मिळतो. ओहोटीला तो शहाण्यासारखा वाहतो. उधाण आलं की नदी त्याच्याहून वर चढते आणि बाहेर जायचं पाणी उलट आत शिरतं. त्याच तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर एका हेक्टरवर अडीच लाख लिटर पाणी जमा होतं. गटाराच्या जाळीवर पाला, जाळीखाली सिमेंटचा गाळ, त्याखाली बाटल्या. पाण्याला मग १८ जून रस्त्यानं फिरायला जाण्यावाचून इलाज राहत नाही.

आमच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीत, यावर फार जुना उपाय आहे, मानस. बांधातली लाकडी दारं अशी टांगलेली, की भरतीचं पाणी त्यांना ढकलून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. वीज नाही, ॲप नाही, उद्घाटनही नाही. शहरात मात्र नुसती मानस बसवून भागणार नाही. दार बंद असेपर्यंत खाजनातलं पावसाचं पाणी शेतात पसरून वाट बघत बसतं. इथं त्या शेताच्या जागी तळमजल्यावर पार्किंग आहे. पाणी तिथंच पसरतं आणि वाट बघतं. गाड्याही बघतात.

म्हणून उधाणाच्या दिवशी चारचाकी सकाळीच आल्तिनोच्या टेकडीवर चढवून ठेवावी. तिथं जागा मिळाली नाही तर समजावं, हिशेब इतरांनाही येतो. स्कूटर पाण्यातून न्यायचीच असेल तर ॲक्सिलेटर सोडू नये. इंजिन बोंबलतंय पण स्कूटर जागची हलत नाही, असं झालं तर चाक फिरवणारा पट्टा भिजून घसरतोय. थांबून सुकू द्यावा. पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा मोह टाळावा, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन त्याच्यावर आपटतो. ढकलत कोरड्यात आणावी, प्लग काढून पुसावा, ऑइल बघावं. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर बदलावं. रस्त्यावरचे सल्लागार एव्हाना दोनदा सेल्फ मारून गेलेले असतात.

पायी जाणं सोपं, असा समज नव्या फुटपाथांनी मोडून काढला आहे. पेव्हर ब्लॉकखालची वाळू वाहून गेली की ब्लॉक डुगडुगतो आणि पाय पडताच पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत मारतो. ज्याच्या फटीतून पाणी पाझरताना दिसेल त्याच्यावर पाय देऊ नये. रस्ता पाण्याखाली असेल तर छत्री मिटून काठीसारखी पुढं टेकवत जावं. चेंबरचं झाकण जागेवर आहे की नाही हे छत्रीलाच आधी कळलेलं बरं. तसंही आडव्या पावसात डोक्यावर तिचा फारसा उपयोग नसतो.

आता एक बारीक गोष्ट. जुनी दुकानं दुपारी एकच्या सुमाराला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. उधाणाचं पाणी रस्त्यावर येतं तेही दुपारीच, आणि दुकानदार जेवून, झोपून परत येईपर्यंत ओहोट लागलेली असते. बाहेरचे लोक याला आळस म्हणतात. नवी दुकानं दुपारीही चालू असतात. ती ओळखायला सोपी आहेत: उंबऱ्याशी वाळूची पोती असतात आणि आत कुणीतरी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेलं असतं.