फेज येऊन नाही राह्यला

आमच्या कम्प्युटरच्या डब्याला समोर दोन यूएसबी पोर्ट आहेत. होते, म्हणायला पाहिजे. एकात पेन ड्राइव्ह असताना भाच्याचा गुडघा लागला आणि आतली प्लॅस्टिकची जीभ तुटून बाहेर आली. दुसरा ढिला. पेन ड्राइव्ह दाबून धरला की दिसायचा, सोडला की गायब. पोरीच्या ॲडमिशनचे कागद त्यातच, आणि फॉर्मचा शेवटचा दिवस. मागच्या बाजूला सहा पोर्ट धडधाकट होते, पण डबा टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसलेला. तो ओढायला वाकलो आणि तेवढ्यात शेजारचे काका आले.

काका रिटायर लाइनमन. नोकरी सुटली, पण बंडीच्या खिशातला टेस्टर सुटला नाही.

"काय झालं राजा?"

"यूएसबी गेली काका."

"म्हंजे सप्लाय नाही येऊन राह्यला." काका टेबलाखाली शिरले आणि टेस्टरचं टोक पोर्टात घातलं. दिवा पेटला नाही. "पाह्य. फेजच नाही!"

"काका, त्यात पाचच व्होल्ट असतात. तेवढ्यावर तुमचा टेस्टर नाही पेटत."

"पाच?" लग्नात पाच रुपये आहेर लिहिणाऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाचात काय होते? मुंगीबी नाही मरत."

"1996 साली यूएसबी निघाली तेव्हापासून असल्या पोर्टात पाचच आहेत."

"96 साली मी ड्युटीवर होतो. मले नाही सांगतलं कोणी."

मी चिकाटी सोडली नाही. हे माझं चुकलंच. म्हटलं, आत चार पट्ट्या असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या.

"चार तारा म्हंजे थ्री फेज अन् न्यूट्रल. मले नको शिकवू."

थ्री फेजचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. शेतातल्या मोटारीला थ्री फेज मिळायची ती पाळीपाळीने, दिवसाची पाळी आठ तास, रात्रीची दहा. संत्र्याला पाणी द्यायला मी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत जायचो आणि पाहायचो तर एक फेज गेलेला. काकांना फोन लावला की उत्तर ठरलेलं: "फिडरवर फॉल्ट आहे, सकाळी पाहू." सकाळी लाइनच नसायची. माझी बहाराची फळं गळाली तेव्हा हा माणूस खांबावर चढला नाही, आणि आज न बोलावता माझ्या टेबलाखाली शिरला होता.

एवढं मनात घोळेपर्यंत काकांनी टेस्टर आत गोल फिरवला. चारही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. पडदा काळा. परत चालू केलं तर इंग्रजीत पाटी: यूएसबीवर जादा करंट, 15 सेकंदांत बंद होणार. आणि बंद झाला. पुन्हा चालू, पुन्हा पाटी, पुन्हा 15 सेकंद.

"पाह्य! करंट जादा आहे. मी म्हटलं नव्हतं?"

नव्हतं म्हटलं. फेजच नाही म्हटलं होतं. पण हे मी कोणाला सांगू?

डबा घेऊन मोर्शीला निघालो. मोटरसायकलवर मागे काका, मांडीवर डबा. दुकानातल्या पोट्ट्याने झाकण काढलं, समोरच्या पोर्टांची वायर मदरबोर्डवरच्या नऊ पिनांवरून उपटली आणि कम्प्युटर बिनतक्रार सुरू झाला. दोन मिनिटं. तीनशे रुपये.

"यात काय खुपसलं होतं हो?" पोट्ट्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी याले सांगूनच राह्यलो होतो, समजत नाही त हात नको लावू म्हून."

पोट्ट्याने मला चष्म्यापासून चपलांपर्यंत पाहिलं. "तुम्ही त शिकलेले दिसता." तीनशे मीच दिले. काकांचा चहासुद्धा.

फॉर्म रात्री साडेअकराला गेला. आता डबा उलटा ठेवलाय, सगळं मागच्या पोर्टांवर चालतं आणि आल्यागेल्याच्या गुडघ्यांवर पंखा गरम हवा सोडतो. काल काका येऊन बसले, बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते.

"हा तिकडे तोंड करून काहून बसला? रुसला काय?"

आणि त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला.