विमान आलं, पण कुणाच्या वेळेला?

आमचं नेर दोन विमानतळांच्या मध्ये येतं. अमरावतीकडे निघालो की बेलोरा, यवतमाळकडे निघालो की भारी. बेलोऱ्याला विमान येतं. भारीला धावपट्टी आहे, नाव आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. 2009 मध्ये यवतमाळ, नांदेड, लातूर, बारामती आणि धाराशिव अशी पाच विमानतळं 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीकडे गेली होती. तेव्हा "आता यवतमाळहून मुंबई तासाभरात" असं चौकाचौकात बोललं जायचं. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता कॉलेजात गेली.

म्हणून 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्यावर मुंबईचं पहिलं विमान उतरलं, तेव्हा मी कृषी केंद्रातलं काम बाजूला ठेवून मोबाइलवर ते पाहत बसलो होतो. गिऱ्हाईकंही पाहत होती. सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "आपल्या इकडं उतरलं बावा शेवटी." मला भरून आलं होतं, हे मोकळेपणानं सांगतो.

नंतर त्याच विमानानं मी आईला मुंबईला नेलं. परळच्या दवाखान्यात तिची तपासणी होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. रेल्वेत वरचा बर्थ मिळाला तर रात्रभर बसून काढावी लागते. विमानात खिडकीशी बसली आणि खालची काळी शेतं दिसेनाशी होईपर्यंत बोललीच नाही. उतरल्यावर म्हणाली, "मले तं वाटलं लय वेळ लागन. हे तं बडनेऱ्याहून घरी याले लागते तेवढ्यातच झालं." ज्यांना वाटतं विमान हा श्रीमंतांचा चोचला आहे, त्यांनी एकदा गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन विदर्भातून मुंबईला जाऊन पाहावं.

पण परतताना जो हिशेब लागला, त्याच्यासाठी ही पोस्ट लिहितो आहे.

सुरुवातीचं वेळापत्रक असं होतं: आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी अडीचच्या सुमारास मुंबईहून निघायचं, सव्वाचारला बेलोऱ्याला, आणि पाऊण तासाच्या आत परत मुंबईकडे. म्हणजे सोमवारी इथून बसलेला माणूस संध्याकाळी मुंबईत पोचणार, त्याचं काम मंगळवारी होणार आणि तो बुधवारी दुपारी परत निघणार. एका दिवसाच्या कामाला मुंबईत दोन रात्री. शुक्रवारी गेलात तर थेट सोमवार. आमच्या डोंबिवलीच्या पाहुण्यांनी सांभाळून घेतलं, पण सगळ्यांचे पाहुणे डोंबिवलीत नसतात.

आता रेल्वे बघा. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई. दिवसभर काम, रात्री गाडी, सकाळी घर. लॉजचा खर्च शून्य, कामाचा दिवस पुरा हातात. पावणेदोन तासांचं विमान अकरा तासांच्या रेल्वेपुढे हरतं ते इथं. लोक तिकिटाला भीत नाहीत, मोडणाऱ्या दिवसांना भितात. मजुराचा, दुकानदाराचा, वकिलाचा, सगळ्यांचा दिवस मोडतो.

बेलोऱ्याचं विमान ज्या उडान योजनेत येतं ती काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे नुसतं "सरकारनं विमान सुरू केलं" एवढंच बोललं जातं. 2016 मध्ये योजना आली. तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक जागांचं भाडं सुरुवातीला 2,500 रुपयांच्या आसपास बांधलेलं, आणि विमान कंपनीला जो तोटा होईल तो भरून द्यायला तीन वर्षं सरकारी मदत. राज्य सरकार विमानाच्या इंधनावरचा कर अगदी कमी करतं, पोलीस आणि अग्निशमन पुरवतं. तीन वर्षांनी मदत थांबते आणि विमानानं आपल्या पायावर उभं राहायचं असतं. इथंच गाडं अडतं. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेचा, 2023 चा अहवाल आहे: तिसऱ्या टप्प्यापर्यंत 774 मार्ग मंजूर झाले, त्यांतले 371 सुरू झाले, तीन वर्षं पूर्ण केली 112 नी, आणि मार्च 2023 पर्यंत मदतीशिवाय तग धरून राहिले ते फक्त 54. आपली बेलोऱ्याची तीन वर्षं 2028 मध्ये भरतील. घड्याळ चालू आहे.

गोंदियाचं बघा. तिथल्या बिरसी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पुढे वाढवलेली, वैमानिक प्रशिक्षण तिथं चालतं. धावपट्टी कमी पडली असं तिथं कुणी म्हणू शकत नाही. 13 मार्च 2022 ला इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू झालं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. मग 1 डिसेंबर 2023 ला दुसऱ्या कंपनीचं आलं. मधल्या काळात ज्या माणसानं विमानाची सवय लावून घेतली होती, तो परत नागपूरला जायला लागला. एकदा मोडलेली सवय दुसऱ्यांदा लावणं फार कठीण जातं.

आणि नागपूर हा बेलोऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी आहे. समृद्धी झाल्यापासून तर जास्तच. धामणगाव, चांदूर रेल्वेचा माणूस गाडी काढतो आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जातो, कारण तिथून त्याला हव्या त्या दिवशी, हव्या त्या शहराचं विमान मिळतं.

हव्या त्या शहराचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमची पोरं मुंबईत नाहीत हो, पुण्यात आहेत. नेर, दारव्हा, दर्यापूर, मोर्शी, कुठलंही गाव घ्या. हिंजवडी, चाकण, वाघोली. जी पुण्यात नाहीत ती हैदराबाद नाहीतर बंगळुरूला. माझा मुलगा दिवाळीला ट्रॅव्हल्सनं येतो. चौदा तास, आणि सणाच्या आठवड्यात भाडं इतकं चढतं की तो मला खरा आकडा सांगत नाही. ती प्रत्येक सीट भरलेली असते. मागणी किती आहे हे बघायला सर्वेक्षण कशाला पाहिजे? शुक्रवारी रात्री वाकडच्या पुलाखाली उभं राहा आणि अमरावती-यवतमाळच्या गाड्या मोजा. सत्तरेक सीटचं एटीआर विमान भरायला यातली थोडी माणसं पुरतात.

पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथं वेळ मिळणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. मुंबईतही सकाळची वेळ सहज मिळत नाही. पण आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तिथं सकाळी पोचणारं आणि संध्याकाळी परत येणारं बेलोऱ्याचं विमान मागायला आत्ताच नेट लावला पाहिजे, सगळ्या वेळा दुसऱ्यांनी वाटून घेण्याआधी. आमचे लोकप्रतिनिधी धावपट्टी 1850 मीटरवरून आणखी वाढवा म्हणतात. वाढवा, पुढेमागे लागेलच. पण आज जे एटीआर येतं त्याला ही धावपट्टी पुरते. त्याला कमी पडते आहे ती सोयीची वेळ.

दुसरी मागणी एसटीची. विमानाच्या वेळेला जोडून यवतमाळ, परतवाडा आणि वरुडहून बेलोऱ्याला एकेक बस. आईला नेताना मला नेरहून गाडी करावी लागली. जाण्यायेण्याचे पैसे बघून त्यात रेल्वेची दोन तिकिटं आली असती, असं तीच म्हणाली.

अमरावतीच्या व्यापारी संघटना, नांदगाव पेठच्या एमआयडीसीतले कारखानदार, विद्यापीठ, डॉक्टर मंडळी यांनी एकत्र बसून कंपनीला लिहून द्यावं की सकाळचं विमान दिलंत तर महिन्याला इतक्या जागा आम्ही घेऊ. कंपनीला निवेदनापेक्षा असा कागद जास्त कळतो. हे काम यंदाच व्हायला पाहिजे, 2028 उजाडल्यावर नाही.

आईची पुढची तपासणी जवळ आली आहे. काल जेवताना तिनं विचारलं, "या खेपेले इमानानंच जाऊ नं?" तपासणी मंगळवारी सकाळी आहे आणि बुधवारी मला दुकानात असायलाच पाहिजे, पेरणीचे दिवस आहेत. मी बडनेऱ्याहून रेल्वेची तिकिटं काढली. तिला खालचा बर्थ मिळाला आहे.