‘टेन्शनची चक्कर मनातली असते’ हा मेसेज का चूक आहे

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: टेन्शननं येणारी चक्कर मनातली असते, ताणात शरीर उलट जास्त चपळ होतं, भोवळ आली की जोरजोरात खोल श्वास घ्या. तिसरा सल्ला तर त्रास वाढवणारा आहे.

‘मनातली’ नाही. आतला कान, डोळे आणि पाय-मानेचे स्नायू यांच्याकडून आलेली माहिती जुळवून मेंदू तोल सांभाळतो. भीतीनं ही जुळणीच बदलते. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर माणूस घोट्याच्या पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळतो, किंचित मागं झुकतो. त्याचं डुलणं लहान पण जलद होतं. साधारण 3 मीटर उंच फलाटाच्या कडेला उभं करून हे यंत्रावर मोजलेलं आहे. चिंतेत काही जण सपाट जमिनीवरही असेच ताठरतात आणि प्रत्येक हेलकाव्यावर लक्ष ठेवतात. बाजाराच्या गर्दीत त्यांना जमीन हलतेय असं वाटतं. असा त्रास 3 महिन्यांपेक्षा जास्त टिकला तर त्याला वेगळं निदान आहे. बारानी सोसायटी या चक्कर-तोलाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्याचे निकष 2017 मध्ये ठरवले. त्यावर व्यायाम आणि औषधं, दोन्ही आहेत.

‘चपळ’ हे अर्धसत्य. भीतीत दचकणं मोठं होतं, टाचेच्या शिरेवर हातोडी मारली तर झटकाही मोठा येतो. पण तो मेंदूपर्यंत न जाता कण्यातूनच परततो. ठेच लागल्यावर पाऊल नेमकं कुठं टाकायचं हे मेंदू ठरवतो, आणि आवळलेला घोटा तिथं आडवा येतो.

आता श्वास. भराभर खोल श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. भोवळ वाढते, ओठ-बोटांना मुंग्या येतात. त्यापेक्षा खाली बसा, पाठ टेकवा. नाकानं 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, असं 5 मिनिटं. छाती नाही, पोट हललं पाहिजे. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर ती घातक ठरते.

आणि प्रत्येक चक्कर टेन्शनवर ढकलू नका. कूस बदलताना मिनिटाच्या आत थांबणारी गरगर बहुधा कानातले कण सरकल्यानं असते. आडवं असतानाचा वरचा बीपी उभं राहिल्यावर 3 मिनिटांत 20 नं उतरला तर कमी पाणी किंवा चालू गोळ्या तपासाव्या लागतात. परभणीच्या उन्हाळ्यात हे हमखास आठवावं. बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर श्वास मोजत बसू नका, 108 लावा.