कडेवर नंबर नसलेले मेडल

आज सकाळी पोस्टमनने अण्णांच्या नावाचे एक पाकीट आणून दिले. आत तीन ओळींचे इंग्रजी पत्र होते. आपण मागितलेल्या पदकांची नोंद आपल्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे लष्करातून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात, आढळत नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही, एवढाच त्याचा मतलब. मी तो अण्णांना मराठीत सांगितला. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि काही न बोलता गोठ्याकडे निघून गेले. मी मात्र दिवसभर धुमसतो आहे, कारण आमचा अर्ज मुळातच असा होता की डिस्चार्ज बुकात दोन मेडलांची नोंद राहून गेली आहे, ती करून मिळावी. त्यावर उत्तर काय, तर नोंद नाही म्हणून नोंद करता येत नाही.

अण्णा 1967 साली लष्करात भरती झाले आणि पंधरा वर्षे सरकारी ट्रक हाकून 1982 साली नाईक म्हणून पेन्शनीवर घरी आले. त्यांची कोअर, म्हणजे लष्करातली शाखा, कोणती आणि तिच्या जवानांच्या नोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस कोणत्या गावी, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका कारकुनाला चव्हाट्यावर आणून मला काही मिळवायचे नाही. त्यांच्या डिस्चार्ज बुकातल्या पदकांच्या रकान्यात दोनच नावे आहेत: सैन्य सेवा मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल. खाली तीन बोटे रुंद कोरी जागा आहे.

त्या कोऱ्या जागेत काय असायला हवे होते, ते सांगतो. 1971 च्या डिसेंबरात, युद्धाच्या वेळी, अण्णांची गाडी त्रिपुरात होती. रेल्वे धर्मनगरला संपायची आणि तिथून पुढे तेलियामुराकडे, म्हणजे त्या आघाडीवर लढणाऱ्या चौथ्या कोअरच्या (इथे कोअर म्हणजे शाखा नव्हे, मोठे लढाऊ दल) मुख्यालयाकडे, सगळा माल डोंगरातल्या अरुंद रस्त्याने ट्रकवर जायचा. दारूगोळा, पेट्रोलची पिंपे, आट्याची पोती. रात्री पुढचे दिवे झाकलेले असायचे आणि मागच्या दिव्याला हे लोक चिखल फासायचे, फक्त पाठच्या गाडीला दिसेल एवढी चीर ठेवून. राहून गेलेल्या दोनांपैकी पहिले संग्राम मेडल. ते 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात ठरवून दिलेल्या भागांत सेवा बजावणाऱ्यांसाठी आहे आणि त्या भागांच्या यादीत त्रिपुराचे नाव स्पष्ट आहे. दुसरे मेडल स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे. त्याला ना शौर्य लागते ना सीमा. 15 ऑगस्ट 1972 रोजी माणूस सेवेत असला की झाले. अण्णांच्या बुकात भरतीची तारीख आहे आणि सुटल्याची तारीखही आहे. या दोन तारखांच्या मध्ये 15 ऑगस्ट 1972 येतो की नाही, हे ठरवायला कोणती चौकशी समिती बसवायची आहे?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाला गावच्या शाळेने सगळ्या माजी सैनिकांना मेडले लावून झेंडावंदनाला बोलावले होते. अण्णा दोन मेडले लावून जाणार आणि त्यांच्याबरोबरचे चार-पाच, हे मला बघवेना. मी छावणीतल्या एका दुकानातून दोन्ही मेडले विकत आणली, रिबिनीसकट. अण्णांनी एक हातात घेतले, चेहऱ्यासमोर धरले नाही, नुसते फिरवत अंगठ्याचे नख त्याच्या कडेवरून पूर्ण गोल फिरवले आणि विचारले, “ह्याच्यावर माझा नंबर कुठं आहे?” ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, खऱ्या गोल मेडलाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेले असते. दुकानातल्या मेडलाची कड गुळगुळीत होती. अण्णा त्या दिवशी दोनच मेडले लावून गेले. मी आणलेली अजून देव्हाऱ्याखालच्या खणात पडून आहेत.

आज हे सगळे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, तर आमच्याच एका नातेवाईकाने उत्तर दिले, “ऑनलाइन चार-पाचशेत मिळते, मागवून टाक ना.” हसणारे दोन चेहरेही पुढे चिकटवले होते. पत्रापेक्षा मला याचा संताप जास्त आला. दर सव्वीस जानेवारीला ह्याच माणसाच्या डीपीवर तिरंगा असतो. विकत घ्यायचेच असते तर अण्णांनी पन्नास वर्षांपूर्वीच घेतले नसते का?

नोंद कशी राहिली असेल, हे समजायला मी बरीच खटपट केली. पदके रणांगणावर वाटत नाहीत. ती जाहीर होतात, घडतात आणि युनिटपर्यंत पोचतात तोवर वर्षे उलटलेली असतात. युनिटने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीत भर घालणारा लेखी हुकूम, काढायची, ती रेकॉर्ड ऑफिसला जायची, तिथे शीट रोलवर, म्हणजे त्या जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढायची आणि माणूस सुटताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात उतरायची. अण्णांची 1973 च्या सुरुवातीला बदली झाली. त्यांचा स्वतःचा अंदाज असा की मेडले जुन्या युनिटात आली आणि माणूस नव्या युनिटात, त्या गडबडीत त्यांची ऑर्डर निघालीच नाही. म्हणजे चूक घडली ती कार्यालयांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीत, आणि तिचा पुरावा आणायचा मात्र ट्रक चालवणाऱ्याने.

तरी तोही आम्ही आणला. माहितीच्या अधिकारात शीट रोलची प्रत मागवली आणि ती मिळाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यात त्यांच्याच शिक्क्याखाली, त्यांच्याच अक्षरात, युनिट त्रिपुरात गेल्याची आणि तिथून परतल्याची तारीख आहे. ती प्रत अर्जाला जोडली होती. आजच्या उत्तरात तिचा साधा उल्लेख नाही. ती कोणी उलटून तरी पाहिली असेल का, याची मला शंका आहे.

अमेरिकेत सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला 12 जुलै 1973 रोजी आग लागली आणि दीड कोटीहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यानंतर तिथे जुन्या पगारपत्रकांसारख्या उरल्यासुरल्या कागदांवरून माणसांच्या सेवेच्या नोंदी पुन्हा उभ्या करण्याचे काम सुरू झाले. आमच्याकडे तर आगही लागलेली नाही. कागद जागेवर आहे, त्याची नक्कल माझ्यासमोर टेबलावर आहे.

रेकॉर्ड ऑफिसांवर लाखो माणसांच्या कागदांचा बोजा असतो आणि नसलेली मेडले मागणारे महाभागही असतात, हे मान्य. परंतु खोटा दावा ओळखण्यासाठीसुद्धा आधी शीट रोल उघडावाच लागतो ना? या मेडलांबरोबर एक पैसाही मिळत नाही, पेन्शनीत दमडीची वाढ होत नाही, हे त्या कार्यालयाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पैशासाठी खोटे बोलणारा माणूस निदान पैसे मिळतील असे काहीतरी मागेल.

आणि अण्णा तर असे की मी पहिल्या अर्जात उत्साहाच्या भरात ‘पूर्वी स्टार’ हा पूर्व आघाडीवरच्या युद्धाचा सन्मानही लिहिला होता, तो त्यांनी मला खोडायला लावला. “पूर्वी स्टार पुढं जाऊन लढले त्यांचा. आपण मागं गाड्या हाकत होतो.” मी वाद घालायचा प्रयत्न केला, पुढच्यांच्या बंदुकीत गोळी कोणी पोचवली म्हणून विचारले. त्यांनी फक्त हात हलवला. जो माणूस आपले नसलेले एक मेडल स्वतः खोडतो, त्याला आपले असलेले मेडल सिद्ध करायला लावतात, याचा राग कुठे काढायचा?

हे लिहितालिहिता रात्र झाली आणि राग थोडा निवला आहे. मघाशी जेवणानंतर नवा अर्ज लिहायला बसलो. या वेळी शीट रोलच्या प्रतीवर त्रिपुराच्या दोन्ही तारखांखाली लाल रेघ ओढली आहे आणि 15 ऑगस्ट 1972 ची गोष्ट वेगळ्या कागदावर एकाच वाक्यात लिहिली आहे, कारण दोन वाक्ये कोणी वाचेल याची खात्री राहिलेली नाही. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही देणार आहे. तिथले लोक निदान बसा म्हणतात. उद्या स्पीड पोस्टाने टाकतो.

अर्ज पूर्ण झाल्यावर अण्णांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. नाव, हुद्दा, गाव झाले, मग नंबर आला तसे त्यांनी डोळे उघडले आणि मला परत वाचायला सांगितले. मी वाचला. “शेवटून दुसरा आठ आहे,” ते म्हणाले, “तू तीन लिहिलंयस.”